एकच संगणकप्रणाली, दोन इस्पितळे

बांबोळीच्या गोमेकॉत बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेकडे पाहिले, की बहुतेकांच्या हातात एक वस्तू दिसते. ती म्हणजे प्लास्टिकची पिशवी. तिच्यात जुने केसपेपर असतात, रक्ततपासणीचे अहवाल असतात, एक्स-रेचे मोठे पाकीट असते आणि औषधाचे नाव लक्षात राहत नाही म्हणून जपून ठेवलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्याही असतात. रुग्ण पेडण्याचा असो, काणकोणचा असो, की सावंतवाडी किंवा कारवारहून पहाटेची बस पकडून आलेला असो. त्याचा सारा वैद्यकीय इतिहास त्या पिशवीत मावलेला असतो. पिशवी घरी विसरली, की डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

या पिशवीची जागा आता संगणक घेऊ पाहत आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाला. त्यानुसार नागरिकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो आणि त्याच्या संमतीने त्याच्या आरोग्यनोंदी एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात पाहता याव्यात, अशी योजना आहे. खासगी इस्पितळांत तर औषधाची चिठ्ठी छापील मिळू लागून बराच काळ लोटला. डॉक्टरांचे अक्षर औषधविक्रेत्यालाच कळते, हा जुना विनोदही त्यामुळे मागे पडत चालला आहे.

काही महिन्यांपूर्वी वडिलांना तपासणीसाठी एका इस्पितळात घेऊन गेले होते. तपासणी नीट झाली, छापील चिठ्ठी हातात आली. बाहेर आल्यावर वडिलांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, “ही गोळी तर त्यांनी दोन वर्षांपूर्वीच बंद केली होती ना?” आम्ही परत आत गेलो. जुन्या भेटीतील औषधांची यादी नव्या चिठ्ठीत जशीच्या तशी उतरली होती. डॉक्टरांनी लगेच ती गोळी खोडली आणि दिलगिरीही व्यक्त केली. चूक लहान होती, वेळीच लक्षात आली. पण मनात एक प्रश्न राहिला. हाताने चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी हे बंद केलेले औषध मुद्दाम लिहिले असते का? नसते लिहिले. ही चूक कागदाच्या काळातील नव्हती. ती संगणकासोबत आलेली होती.

इस्पितळात संगणक आल्याने रुग्ण अधिक सुरक्षित होतो का, हा प्रश्न जगभरातील संशोधकांनी गेली काही दशके विचारला आहे. त्याच्या उत्तराचा शोध घेणाऱ्या शास्त्राला वैद्यकीय माहितीशास्त्र असे म्हणतात. या शास्त्राने काय शोधून काढले, हे समजून घेण्याची वेळ आपल्यावर आता आली आहे.

कागदाचा दोष काय होता?

वैद्यकीय नोंदींकडे शास्त्र म्हणून पाहणाऱ्यांत अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९६८ साली त्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडले, की रुग्णाची नोंद ही डॉक्टरांच्या आठवणींची वही असता कामा नये. रुग्णाच्या प्रत्येक समस्येची स्वतंत्र नोंद असावी, तिच्यापुढे रुग्णाने सांगितलेले, डॉक्टरांना आढळलेले, त्यावरून काढलेला निष्कर्ष आणि पुढील बेत असे क्रमाने लिहिलेले असावे. आज जगभरातील वैद्यकीय विद्यार्थी याच क्रमाने नोंदी करायला शिकतात. अशी शिस्त कागदावर पाळणे अवघड आहे आणि तिला संगणकाची जोड हवी, हे वीड यांनी त्याच काळात ओळखले होते.

कागदाच्या उणिवांची खरी किंमत जगापुढे आली ती १९९९ साली. अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केलेल्या अहवालात तेथील इस्पितळांतील टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसे दगावत असावीत, असा अंदाज होता. या चुकांपैकी मोठा वाटा औषधांचा होता. अक्षर न लागणे, दशांश चिन्ह चुकणे, एकसारख्या नावांच्या औषधांत गल्लत होणे, ज्या औषधाची ॲलर्जी आहे तेच दिले जाणे अशा त्या चुका होत्या.

त्यावर उपाय म्हणून पुढे आली ती संगणकीय आदेशनोंद. डॉक्टरने औषध, तपासणी किंवा सलाईन यांविषयीचा आदेश कागदावर न लिहिता संगणकात नोंदवायचा. संगणक मात्रा तपासतो, ॲलर्जी आठवण करून देतो आणि आदेश थेट औषधभांडाराकडे पाठवतो. बोस्टनच्या ‘ब्रिगहम अँड विमेन्स’ इस्पितळात डेव्हिड बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचा अभ्यास केला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार औषधांच्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्या होत्या. हा निष्कर्ष इतका बोलका होता, की संगणकीय आदेशनोंद म्हणजे रुग्णसुरक्षेचा राजमार्ग, असे समीकरण रूढ झाले. बोस्टनमधील ती प्रणाली बाजारातून आणलेली नव्हती. त्याच इस्पितळाच्या माणसांनी आपल्या कामाच्या पद्धतीप्रमाणे ती वर्षानुवर्षे घडवली होती. या गोष्टीकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

पिट्सबर्गमध्ये काय घडले?

ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या बाल इस्पितळाने एका व्यापारी कंपनीची आदेशनोंद प्रणाली अवघ्या सहा दिवसांत संपूर्ण इस्पितळभर लागू केली. त्याच इस्पितळातील डॉक्टरांच्या एका गटाने नंतर मागे वळून आकडे तपासले. त्यांनी निवडली ती इतर इस्पितळांतून रुग्णवाहिकेने अथवा हेलिकॉप्टरने हलवून आणलेली मुले, म्हणजे सर्वांत गंभीर स्थितीतील रुग्ण. १८ महिन्यांत अशी १,९४२ मुले दाखल झाली होती. प्रणाली येण्यापूर्वीच्या १३ महिन्यांत त्यांतील २.८० टक्के मुले दगावली होती. प्रणाली आल्यानंतरच्या पाच महिन्यांत हे प्रमाण ६.५७ टक्के झाले.

डिसेंबर २००५ मध्ये ‘पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला आणि वैद्यकीय जगतात खळबळ उडाली. चुका कमी करण्यासाठी आणलेले साधन मृत्यू वाढवते की काय?

या संशोधकांनी दिलेली कारणमीमांसा वाचली, की संगणकाचा बिघाड असे तिच्यात फारसे काही सापडत नाही. संगणक सांगितलेले काम करत होता. बदलले होते ते माणसांचे काम.

पूर्वीची पद्धत अशी होती. गंभीर मूल वाटेत असतानाच वाहनातील पथक इस्पितळाला कळवत असे. ते ऐकून अतिदक्षता विभागातील डॉक्टर कागदावर आदेश लिहीत, परिचारिका औषधे काढून ठेवत, सलाईन भरून ठेवत. मूल दारात येताच उपचार सुरू होत. नव्या प्रणालीत रुग्ण प्रत्यक्ष इस्पितळात येऊन त्याची नोंदणी पूर्ण होईपर्यंत आदेश नोंदवताच येत नव्हता. म्हणजे जी मिनिटे पूर्वी प्रवासात वाचत होती, ती आता खाटेजवळ खर्च होऊ लागली.

दुसरा बदल वेळेचा होता. कागदावर एक आदेश लिहायला काही सेकंद लागत. संगणकात त्याच आदेशासाठी अनेकदा माउस दाबावा लागे आणि एक-दोन मिनिटे जात. अत्यवस्थ मुलासाठी असे कितीतरी आदेश एकापाठोपाठ द्यावे लागतात. त्यामुळे पूर्वी खाटेजवळ असलेला एक डॉक्टर आता पडद्यासमोर अडकून राहू लागला. अतिदक्षता विभागासाठी लागणारे तयार आदेशसंच, म्हणजे अमुक स्थितीत लागणाऱ्या सर्व आदेशांची आधीच बांधलेली यादी, तेथे तयार नव्हते.

तिसरा बदल औषधांच्या जागेचा. पूर्वी तातडीची औषधे परिचारिकेला विभागातच हाताशी मिळत. नव्या व्यवस्थेत औषधे मध्यवर्ती भांडाराकडे गेली आणि तेथील औषधनिर्मात्याने आदेश तपासल्यावर ती वर येऊ लागली. चौथी गोष्ट या तिन्हींपेक्षा सूक्ष्म आहे. कागद होता तेव्हा डॉक्टर आणि परिचारिका खाटेजवळ समोरासमोर उभे राहून बोलत. “हे आधी देऊ या का?” अशा दोन शब्दांत कितीतरी गोंधळ मिटत असे. आदेश संगणकातून जाऊ लागले, तशी ही बोलणी कमी झाली.

या अभ्यासावर आक्षेपही घेतले गेले आणि ते रास्त होते. आधीचा आणि नंतरचा काळ यांची तुलना करताना इतर बदलांचा प्रभाव पूर्णपणे बाजूला काढता येत नाही. पाच महिने हा काळ लहान आहे. नव्या पद्धतीशी माणसे जुळवून घेत असतानाचे ते दिवस होते. एकाच गटाचे आकडे संपूर्ण इस्पितळाला लावता येणार नाहीत. तरीही या निबंधाने एक गोष्ट केली. इस्पितळातील संगणकप्रणाली ही औषधासारखी असते, तिचे गुण असतात तसे दुष्परिणामही असू शकतात आणि ते मोजले पाहिजेत, हा विचार त्याने पुढे आणला.

सिएटलचे उत्तर

पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, सिएटलच्या बाल इस्पितळातील डॉक्टरांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी वापरलेली प्रणाली त्याच कंपनीची होती. रुग्णही तशाच अतिदक्षता विभागातील मुले होती. प्रणालीपूर्वीच्या १३ महिन्यांत मृत्यूचे प्रमाण ४.२२ टक्के होते. नंतरच्या १३ महिन्यांत ते ३.४६ टक्के झाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर घट म्हणण्याइतका मोठा नव्हता. पण वाढ नक्कीच झाली नव्हती.

फरक होता तो तयारीत. सिएटलमध्ये अतिदक्षता विभागाचे डॉक्टर आणि परिचारिका यांना आधीपासून आखणीत सामील करून घेण्यात आले होते. नेहमी लागणारे आदेशसंच प्रणाली सुरू होण्यापूर्वीच बांधलेले होते. डॉक्टरला दहा ठिकाणी शोधाशोध करावी लागत नव्हती.

पुढे २०१० साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ल्युसिल पॅकार्ड बाल इस्पितळाने आपले आकडे प्रसिद्ध केले. संगणकीय आदेशनोंद आल्यानंतर तेथे संपूर्ण इस्पितळातील मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांनी घटलेले आढळले.

हे तिन्ही अभ्यास शेजारी ठेवून पाहिले, की ‘संगणक चांगला की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा होता, हे लक्षात येते. एका कंपनीची प्रणाली एका इस्पितळात एक परिणाम घडवते आणि दुसऱ्या इस्पितळात दुसरा. तेव्हा ती विकत घेताना आपण खरेतर काय विकत घेतो? आपण घेतो तो केवळ एक सांगाडा. त्यात आपल्या इस्पितळाचे काम कसे बसवले जाते, त्यावर रुग्णाचे भवितव्य ठरते.

२००५ सालीच रॉस कॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या इस्पितळातील आदेशनोंद प्रणालीची पाहणी करून तिच्यामुळे उद्भवू शकणाऱ्या चुकांचे २२ प्रकार नोंदवले होते. त्यांतील एक प्रकार सहज समजण्यासारखा आहे. पडद्यावर औषधासमोर जी मात्रा दिसे, ती प्रत्यक्षात भांडारात उपलब्ध असलेल्या गोळीची होती. भांडारात १० मिलिग्रॅमची गोळी असेल तर १० दिसे. नवखा डॉक्टर मात्र त्याला औषधाची नेहमीची किमान मात्रा समजत असे. कुणी खोटे बोलले नव्हते, कुणी निष्काळजी नव्हते. भांडाराच्या सोयीसाठी मांडलेली माहिती डॉक्टरच्या नजरेला वेगळेच काही सांगत होती.

साडेअडतीस गोळ्या

माणूस आणि प्रणाली यांच्यामधील ही फट किती रुंद होऊ शकते, हे दाखवणारी घटना २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोमधील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात घडली. हे अमेरिकेतील नामांकित इस्पितळांपैकी एक. तेथील प्राध्यापक डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांनी आपल्याच इस्पितळातील ही चूक २०१५ साली ‘द डिजिटल डॉक्टर’ या पुस्तकात सविस्तर मांडली. इस्पितळाने ती दडपली नाही, ही गोष्टही नोंद घेण्याजोगी आहे.

सोळा वर्षांचा एक मुलगा तपासणीसाठी दाखल झाला होता. त्याला एक दुर्मीळ आनुवंशिक आजार होता आणि संसर्ग होऊ नये म्हणून तो एक प्रतिजैविक नेमाने घेत असे. मात्रा ठरलेली होती, एका वेळी १६० मिलिग्रॅमची एक गोळी. इस्पितळाचा नियम असा, की ४० किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना औषधाची मात्रा वजनाप्रमाणे नोंदवायची. मुलाचे वजन ३८.६ किलो होते. डॉक्टरने दर किलोला पाच मिलिग्रॅम अशी नोंद केली. हिशेबाने १९३ मिलिग्रॅम आले. एवढ्या मात्रेची गोळीच नसल्याने औषधनिर्मात्याने नियमाप्रमाणे डॉक्टरला निरोप पाठवला, की मात्रा सुधारून १६० करावी.

डॉक्टरने प्रणाली उघडली आणि १६० हा आकडा भरला. मनात १६० मिलिग्रॅम होते. पडद्यावर मात्र त्या चौकटीपुढे ‘मिलिग्रॅम दर किलोला’ हे एकक तसेच राहिले होते. संगणकाने १६०ला ३८.६ने गुणले. उत्तर आले ६ हजार मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे साडेअडतीस गोळ्या.

संगणकाने इशारा दिला. परंतु दिवसभरात असे कितीतरी निरर्थक इशारे पाहिलेल्या डॉक्टरने तो बाजूला सारला. औषधनिर्मात्याकडेही इशारा गेला, त्यानेही तो सारला. त्यापुढे काम यंत्रमानवाचे. त्याने एकही गोळी न चुकता साडेअडतीस गोळ्या भरून पाठवल्या. रात्रपाळीची परिचारिका दुसऱ्या विभागातून त्या दिवसापुरती तेथे आली होती. एवढ्या गोळ्या पाहून तिला आश्चर्य वाटले. तिने बारकोड तपासला. यंत्राने सांगितले, सारे आदेशाबरहुकूम आहे. तिने गोळ्या दिल्या. त्या रात्री मुलाला झटके आले. सुदैवाने तो वाचला.

या साखळीतील प्रत्येक जण आपले काम नियमाप्रमाणे करत होता. प्रत्येकाला वाटत होते, की आपल्या आधीच्या आणि नंतरच्या कुणीतरी तपासले आहे, आणि सर्वांच्या वर यंत्र आहेच. कागदाच्या काळात एका वेळी साडेअडतीस गोळ्या द्या असे लिहिलेली चिठ्ठी कुण्याही औषधविक्रेत्याने हसून परत पाठवली असती. बारकोडचे काम आदेशातील औषध आणि हातातील औषध एकच आहे का, एवढेच सांगण्याचे. आदेश शहाणपणाचा आहे की नाही, हे तो सांगत नाही. रात्री दोन्ही गोष्टी एकच वाटू लागतात.

इशाऱ्यांचा पूर

डॉक्टरांनी इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलेच कसे, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे उत्तर या शास्त्रातील संशोधनाने आकड्यांत दिले आहे. औषधांविषयीच्या संगणकीय इशाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांचा २००६ साली एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा डॉक्टर ४९ ते ९६ टक्के इशारे बाजूला सारतात, असे दिसले. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच वैद्यकीय केंद्रातील अतिदक्षता विभागांत खाटांवरील यंत्रांनी दिलेल्या सूचना संशोधकांनी ३१ दिवस मोजल्या. ७७ खाटांवर २५ लाखांहून अधिक सूचना निघाल्या. कानी पडणारे गजरच दर खाटेमागे दररोज १८७ होते.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली. इस्पितळात ती रोज घडते. प्रणाली बनवणारी कंपनी प्रत्येक बारीकसारीक शक्यतेचा इशारा देते, कारण न दिलेल्या इशाऱ्याचा ठपका तिच्यावर येऊ शकतो. शंभरातील नव्वद इशारे बिनमहत्त्वाचे ठरले, की उरलेल्या दहांकडेही हात आपोआप त्याच वेगाने जातो. म्हणून कमी पण नेमके इशारे द्यावेत, आणि जीवघेण्या मात्रेच्या आदेशाला इशारा देऊन न थांबता तो आदेश अडवूनच धरावा, असे आता या क्षेत्रातील जाणकार सुचवतात.

दुसरे नुकसान वेळेचे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५७ डॉक्टरांच्या कामाचे मिनिटागणिक निरीक्षण करण्यात आले. रुग्णाशी समोरासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळपास दोन तास संगणकातील नोंदी आणि टेबलावरील कामात जात होते. आमच्या वडिलांची तपासणी करणारे डॉक्टर पडद्याकडे पाहून प्रश्न विचारत होते, तेव्हा मला त्यांचा राग आला होता. हा आकडा वाचल्यावर तो निवळला.

आपल्या अंगणात

अमेरिकेतील इस्पितळे आणि आपली इस्पितळे यांत अंतर आहे. आपल्याकडे एका डॉक्टरपुढील रांग मोठी असते आणि एका रुग्णाच्या वाट्याला येणारी मिनिटे मोजकी असतात. पिट्सबर्गमध्ये आदेशामागे एक-दोन मिनिटे अधिक गेली, तर तेथे एवढे घडले. आपल्या बाह्यरुग्ण विभागात दर रुग्णामागे दोन मिनिटे वाढली, तर दुपारपर्यंत रांग कुठवर जाईल, याचा हिशेब कुणीही करू शकेल. मग डॉक्टर साहजिकच जुनी यादी उतरवून घेण्याचा जवळचा मार्ग धरतात, आणि वडिलांच्या चिठ्ठीतील बंद केलेली गोळी पुन्हा जिवंत होते.

गोव्यापुरती आणखी एक अडचण आहे ती नावांची. गांवकर हे आडनाव रोमन लिपीत किमान तीन प्रकारे लिहिलेले आढळते. नाईक आणि देसाई यांचेही तसेच. जुन्या पोर्तुगीज वळणाच्या कागदपत्रांत एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे, असे एकाच कुटुंबात सर्रास दिसते. सीमेपलीकडून, सिंधुदुर्गातून आणि कारवारकडून येणाऱ्या रुग्णांच्या नावांची नोंद आणखी वेगळ्या वळणाची. खिडकीवरचा माणूस ते रेटारेटीत रोमन लिपीत टंकतो. ज्येष्ठांना अनेकदा जन्मतारीख नक्की ठाऊक नसते. परिणामी एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होऊ शकतात, किंवा दोन माणसांची एकच. पहिल्या प्रकारात पेनिसिलीनची ॲलर्जी ज्या नोंदीत लिहिली आहे ती डॉक्टरांसमोर येतच नाही. दुसऱ्या प्रकारात भलत्याच माणसाची साखर आपल्या नावावर चढते. रुग्णाची ओळख अचूक जुळवणे हा या शास्त्रातील एक स्वतंत्र आणि कठीण विषय आहे. १४ अंकी क्रमांकाचा खरा उपयोग इथे आहे. परंतु तो क्रमांक प्रत्येक भेटीत वापरला गेला तरच.

आणि यंत्रणा ठप्प झाली तर? २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि तेथील सर्व्हर बंद पडले. देशातील सर्वांत मोठ्या सरकारी इस्पितळांपैकी एक असलेल्या या संस्थेला नोंदणीपासून प्रयोगशाळेच्या अहवालांपर्यंतचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले. पावसाळ्यात आपल्या खेड्यापाड्यांतील आरोग्य केंद्रांत वीज आणि इंटरनेट यांचे काय होते, हे सत्तरी-सांगेच्या वाचकाला सांगायला नको. कागदावर काम करण्याची सवय मोडण्यापूर्वी त्या दिवसांचा विचार हवा.

यातून कागदाकडे परत जावे, असा अर्थ कुणी काढू नये. बोस्टन आणि स्टॅनफर्डचे आकडे खरे आहेत. नीट बसवलेली प्रणाली जीव वाचवते. म्हणूनच ती बसवताना काही प्रश्न विचारले गेले पाहिजेत. आखणीच्या बैठकीत परिचारिका आणि औषधनिर्माते होते का? नेहमीच्या आजारांसाठी आदेशसंच आधी बांधले आहेत का? तातडीच्या रुग्णासाठी नोंदणीपूर्वी आदेश देण्याची सोय आहे का? प्रणाली एका विभागात चालवून पाहिली, की एकदम सगळीकडे सुरू केली? आणि सुरू केल्यावर चुका व मृत्यू यांची मोजणी कोण करणार आहे, ती लोकांसमोर मांडणार कोण? संगणक किती विकत घेतले आणि किती लाख ‘आभा’ क्रमांक काढले, याचे आकडे सरकारी पत्रकांत येतात. त्यांच्या शेजारी या प्रश्नांची उत्तरेही यायला हवीत. पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी आपल्याच इस्पितळाचे न रुचणारे आकडे प्रसिद्ध केले नसते, तर इतरांना त्यातून शिकता आले नसते.

रुग्ण आणि नातेवाईक यांच्या हातातही काही आहे. छापील चिठ्ठी ही हस्तलिखितापेक्षा अधिक खरी असते, असे मानू नये. ती इस्पितळातून निघण्यापूर्वी वाचावी. एखादी गोळी नेहमीपेक्षा वेगळी दिसली, संख्या जास्त वाटली, तर संकोच न करता विचारावे. ॲलर्जी असेल, तर संगणकात असेलच असे न धरता प्रत्येक वेळी तोंडाने सांगावी. चालू औषधांची यादी तारखेसह स्वतःजवळ ठेवावी आणि बंद झालेले औषध तीत खोडलेले असावे.

वडील आता तसेच करतात. त्यांचा ‘आभा’ क्रमांक मोबाइलमध्ये आहे आणि सदऱ्याच्या खिशात घडी केलेला एक कागद. गेल्या खेपेला डॉक्टरांनी तो कागद मागून घेतला, पडद्यावरील यादीशी ताडून पाहिला आणि दोन ठिकाणी संगणकातील नोंद दुरुस्त केली. तेवढ्या मिनिटात त्यांनी वडिलांकडे नीट पाहिलेही.